क्रूझ तीन लाखांत मिळतेय, घ्यायची का? बंद पडलेल्या ब्रँडच्या गाडीचा खरा हिशोब

इन्स्टावर जुन्या गाड्यांची रील्स बघत असाल, तर काळी शेवरोले क्रूझ तुमच्या फीडमध्ये एकदा तरी येऊन गेलीच असणार. मागे पंजाबी गाणं, मोकळा रस्ता आणि कॅप्शनमध्ये किंमत. मॉडेल आणि कंडिशन बघून साधारण दोन ते चार लाखांच्या मधली. खाली कमेंट्स दोनच प्रकारच्या. एक म्हणजे "भावा, लोकेशन?" आणि दुसरी, "पार्ट कुठून आणशील?"

दुसऱ्या कमेंटवाल्याला आपण जळतोय म्हणून सोडून देतो. पण प्रश्न त्याचाच बरोबर आहे, फक्त अर्धा आहे. पार्ट मिळतो. शोधला तर बहुतेक पार्ट मिळतात. पण तो येईपर्यंत गाडी कुठे उभी राहणार, किती दिवस उभी राहणार, आणि तेवढे दिवस तुमचं काम कशावर चालणार, हे कोणी विचारत नाही.

हे उत्तर गाडीपेक्षा तुमच्या गावावर जास्त ठरतं. उदाहरणाला उंद्री घेऊ. आता उंद्री म्हटलं की गुगल आधी पुण्यातली, टॉवर आणि ट्रॅफिकवाली उंद्री दाखवतं. आपण बोलतोय ती बुलढाणा जिल्ह्यातली, चिखली तालुक्यातली, खामगाव-चिखली रस्त्यावरची. दोन्ही उंद्रीतल्या दोघांनी एकाच दिवशी एकाच किमतीला एकसारखी क्रूझ घेतली, असं समजा. पुढच्या दोन वर्षांत दोघांना ती गाडी सारख्या भावात पडणार नाही. कशी, ते बघू.

आधी, ही गाडी पोरकी झाली कशी?

शेवरोले (आपल्याकडे सर्रास शेवरलेट) हा अमेरिकेच्या जनरल मोटर्सचा ब्रँड. जनरल मोटर्स भारतात पहिल्यांदा आली ती थेट १९२८ साली, मुंबईत. तिथे गाड्या जुळवायचा कारखाना होता, तो १९५४ च्या सुमारास बंद झाला. दुसऱ्यांदा कंपनी आली १९९० च्या दशकात, हिंदुस्तान मोटर्सला सोबत घेऊन, ओपेल ॲस्ट्रा विकायला. २००३ मध्ये ऑप्ट्रासोबत शेवरोले नाव आलं आणि २००६ मध्ये ओपेल गुंडाळलं गेलं. २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगावला नवा कारखाना सुरू झाला.

क्रूझ आली ऑक्टोबर २००९ मध्ये. किंमत अकरा लाखांच्या आसपासून पुढे. तिच्यासमोर कोरोला अल्टिस, सिव्हिक, लॉरा अशा साहेबी गाड्या होत्या. क्रूझचं वैशिष्ट्य एकच आणि ते पुरेसं होतं, ते म्हणजे दोन लिटरचं डिझेल इंजिन. सुरुवातीला १५० पीएस, २०१२ पासून १६६ पीएस आणि ३८० न्यूटन मीटर टॉर्क. आजही कित्येक नव्या एसयूव्हींकडे एवढी ताकद नाही. रील्समधली हवा उगाच नाहीये.

पण गाड्या खपल्या नाहीत. शेवटी शेवटी जनरल मोटर्सचा भारतातला वाटा एक टक्क्याच्याही खाली गेला. मे २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की वर्षअखेर भारतातली विक्री बंद. क्रूझ गुजरातमधल्या हलोलच्या कारखान्यात जुळायची, तिथे आता एमजीच्या गाड्या बनतात. तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी डिसेंबर २०२० पर्यंत चालला आणि पुढे ह्युंदाईकडे गेला.

इथे एक बारकावा आहे. शेवरोले ब्रँड जगात मेलेला नाही, अमेरिकेत जोरात विकला जातो. त्यामुळे विकणारा तुम्हाला हमखास सांगेल, "कंपनी चालू आहे, टेन्शन नाही." पण क्रूझ हे मॉडेलच बाहेर बंद पडत गेलं. दक्षिण कोरियातला गुनसानचा कारखाना २०१८ मध्ये बंद झाला, अमेरिकेतलं क्रूझचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. ऑस्ट्रेलियात हीच गाडी होल्डन नावाने विकली जायची, तो ब्रँडच २०२० मध्ये बंद करायचं ठरलं. म्हणजे नवे पार्ट बनवण्याचं कारण वर्षागणिक कमी होत चाललंय.

पार्ट मिळतो म्हणजे नेमकं काय मिळतं

विक्री बंद करताना कंपनीने वॉरंटी, सर्व्हिस आणि पार्टची जबाबदारी घेत राहू असा शब्द दिला होता. पण डीलरला नवी गाडी विकायलाच नसेल, तर नुसत्या सर्व्हिसवर एवढं मोठं शोरूम चालवणं परवडत नाही. जाळं आक्रसत गेलं. जनरल मोटर्स, हार्ले-डेव्हिडसन, फोर्ड असे एकामागोमाग एक गेल्यावर डीलरांच्या फाडा या संघटनेने डीलरांना संरक्षण देणाऱ्या कायद्याची मागणीही केली.

मग पार्ट येतात कुठून? हे समजून घेतलं तर अर्धी भीती जाते आणि उरलेली अर्धी योग्य जागी बसते.

गाडीत काही वस्तू झिजण्यासाठीच असतात. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक पॅड, बेल्ट, बेअरिंग, सस्पेन्शनचे बुश. या वस्तू गाडीची कंपनी स्वतः बनवतच नाही, सुट्या भागांच्या कंपन्या बनवतात आणि गाडी रस्त्यावर आहे तोवर बनवत राहतात. शिवाय क्रूझचे नातेवाईक आहेत. कोरियात ती लॅसेटी प्रीमिअर म्हणून विकली गेली, युरोपातली ओपेल ॲस्ट्रा तिच्याच सांगाड्यावर उभी आहे. भारतातल्या सुरुवातीच्या कॅप्टिवातही दोन लिटरचंच डिझेल होतं. म्हणून दुकानात जाऊन "क्रूझचा अमुक पार्ट द्या" असं म्हणू नका. चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या आणि तो नंबर मागा. नावाने मागितलेला पार्ट दुसऱ्याच मॉडेलचा निघाला, तर परत पाठवण्यात आठवडा जातो.

दुसरा प्रकार पत्रा, काच, दिवे, बंपर, डॅशबोर्डचं प्लास्टिक यांचा. यांना नातेवाईक नसतात. क्रूझचा हेडलाइट क्रूझलाच बसतो. नवीन संपला की मग भंगारात निघालेल्या गाडीचा शोधायचा. मुंबईत कुर्ला, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत मायापुरी. गंमत अशी की इंजिनाची भीती सगळ्यांना असते, पण बंद ब्रँडच्या गाडीला दिवसेंदिवस उभं करतो तो एखादा फुटलेला दिवा नाहीतर मागची काच.

फिॲटच्या लिनियाचं उदाहरण घ्या. फिॲटनेही इथली विक्री बंद केली. पण लिनियाचं १.३ लिटर डिझेल इंजिन मुळात तेच, जे मारुतीच्या स्विफ्ट डिझेलमध्ये होतं. त्यामुळे इंजिनाचं काम गावातला स्विफ्टवाला मेकॅनिकही करू शकतो. पत्रा मात्र लिनियाचाच लागतो. क्रूझला इंजिनाच्या बाबतीतही असं मारुतीचं छत्र नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड. इलेक्ट्रॉनिक्स. इंजिनचा कॉम्प्युटर, एअरबॅगचं युनिट, चावीतली चिप. बाजारातला साधा स्कॅनर एरर कोड वाचतो, म्हणजे रोग काय ते सांगतो. पण नवं युनिट किंवा नवी चावी गाडीला ओळखायला लावायची तर त्यासाठी खास सॉफ्टवेअर आणि ते चालवणारा माणूस लागतो. म्हणून गाडी बघायला गेलात की पहिल्या पाच मिनिटांत विचारा, "दुसरी चावी कुठे आहे?" ती नसेल तर तिथेच भाव पाडा.

आता आपल्या दोन उंद्रींकडे या. पुण्याच्या उंद्रीतला माणूस सकाळी नाना पेठेत जाऊन पार्ट हातात घेऊन बघतो, नाही पटला तर दुसऱ्या दुकानात जातो. क्रूझवर हात बसलेला मेकॅनिक त्याला शहरातच सापडतो. गाडी नसली तर रिक्षा, कॅब, बस आहे. बुलढाण्याच्या उंद्रीत क्रूझ थांबली तर आधी टो करून चिखली नाहीतर खामगावला न्यायची. तिथे स्कॅनर लागला तर ठीक, नाहीतर पुढे अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर. पार्ट कुरिअरने मागवायचा, फोटोवरून. चुकीचा आला तर पुन्हा तेच. दरम्यान गॅरेजवाल्याकडे रोजच्या बोलेरो आणि स्विफ्ट आहेत. त्या सोडून तो एका क्रूझसाठी रॅम्प अडवून ठेवणार नाही. गाडी बाहेर झाडाखाली जाते.

पार्टच्या बिलात यातलं काहीच दिसत नाही. टोचं भाडं, दोन चकरा, भाड्याच्या गाडीने काढलेलं एक लग्न, हुकलेली बाजार समितीची एक खेप. तीन लाखांच्या गाडीवर हे पैसे वेगळे धरायला हवेत. माझ्या मते गाडीच्या किमतीच्या निदान पाव भागाएवढी रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय हा व्यवहार करू नये. हा काही शास्त्रीय आकडा नाही. पण क्लच आणि त्यामागचं ड्युअल मास फ्लायव्हील, टर्बो किंवा इंजेक्टर यांपैकी एकच काम निघालं, तरी ती रक्कम संपते हे कोणताही डिझेलवाला मेकॅनिक सांगेल.

बघायला जाताना

मेकॅनिक आधी ठरवा, गाडी नंतर. हा क्रम उलटा झाला की फसगत होते. ज्याने आधी क्रूझ किंवा कॅप्टिवा खोललीय असा माणूस कुठे आहे हे शोधा, आणि त्याला चार पैसे देऊन सोबत न्या.

गाडी थंड असतानाच सुरू करायला सांगा. तुम्ही पोहोचायच्या आधीच बॉनेट गरम असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी जा, सुरू होतानाची तक्रार लपवायचा तो सोपा मार्ग असतो. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची पावती मागा. पावती नसेल तर बदललेला नाही असं समजून खर्च धरा, कारण तो बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर इंजिन आतून खराब होतं.

किलोमीटरच्या आकड्यावर फार विश्वास नको. चालू ब्रँडच्या गाडीचा सर्व्हिस इतिहास कंपनीच्या सेंटरमध्ये पडताळता येतो. इथे २०१७ नंतर डीलर बंद होत गेले आणि गाड्या बाहेरच्या गॅरेजवर गेल्या. रेकॉर्ड तुटलं. मीटर मागे फिरवणाऱ्याला याहून सोयीचं काय? तेव्हा स्टिअरिंग, पॅडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची कड बघा. आकडा सत्तर हजार आणि पॅडल गुळगुळीत, असं असेल तर पॅडलवर विश्वास ठेवा.

क्रूझबाबत आणखी एक खास गोष्ट. ताकदीच्या नादात या गाड्या पोरांनी रिमॅप केलेल्या असतात. म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून आणखी पॉवर काढलेली. चालवून बघताना भारी वाटतं, पण क्लच, टर्बो आणि गिअरबॉक्स यांचं आयुष्य आधीच्या मालकाने वापरून टाकलेलं असतं. रीलमध्ये टायरचा धूर काढणारी गाडी तीच असेल, तर हात जोडून परत या.

टायरवरून आठवलं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१७ म्हणजे २०१७ चा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर दिसत असली तरी इतकं जुनं रबर कडक झालेलं असतं. समृद्धी महामार्ग बुलढाणा जिल्ह्यातून, मेहकर आणि सिंदखेडराजाजवळून जातो. ही गाडी तिथे ताशी १२० सहज धरते, आणि सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर त्या वेगात टायर फुटणं म्हणजे काय, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. चार नवे टायर किमतीत धरूनच बोला.

कागदांचं घड्याळ

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे २०१० ची क्रूझ २०२५ मध्येच मुदतीबाहेर गेली, २०१२ ची २०२७ मध्ये जाईल. त्यानंतर गाडी पुन्हा तपासून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवता येते. पण एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि २०२५ च्या नव्या नियमांनुसार २० वर्षांपुढच्या गाडीला १०,००० रुपये लागतात. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. स्वस्त दिसणाऱ्या बऱ्याच क्रूझ २००९ ते २०११ च्या असतात, त्या का स्वस्त आहेत हे आता कळलं असेल. २०१६-१७ च्या शेवटच्या गाड्या महाग असतात, पण आरसीवर पाच-सहा वर्षं शिल्लक असतात. माझी पसंती तिथेच.

दुसरा सापळा दिल्लीचा. दिल्लीत १० वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर गेली अनेक वर्षं निर्बंध आणि कोर्टकचेऱ्या चालू आहेत. त्यामुळे तिकडच्या जुन्या डिझेल गाड्या पडत्या भावात बाहेरच्या राज्यांत येतात. "दिल्ली पासिंग, एनओसी रेडी" असं लिहिलेली क्रूझ पन्नास हजारांनी स्वस्त दिसते. पण ती बुलढाण्याच्या एमएच २८ वर आणायची तर फॉर्म २८ ची एनओसी, महाराष्ट्राचा वाहन कर आणि नव्याने नोंदणी, हे सगळं लागतं. कर गाडीच्या वयानुसार कमी होतो, पण माफ होत नाही. तो आरटीओत आधी विचारून या, मग फरक किती उरतो ते बघा. आधीचं कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच असू शकतो, तो उतरवायला फॉर्म ३५ लागतो. मालकी बदलाला फॉर्म २९ आणि ३०. सह्या करून कोरे फॉर्म विकणाऱ्याच्या नाहीतर एजंटच्या हातात ठेवू नका. गाडीवर चलन, बोजा, विम्याची तारीख हे सगळं परिवहनच्या साइटवर किंवा एम-परिवहन ॲपवर दिसतं. आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे. दंड घेणाऱ्याला होतो, तरी बँकेतून दिलेले पैसे तुमच्याच पुराव्याला कामी येतात.

नंबर प्लेटची काळजी मात्र करू नका. कंपनी गेली म्हणून हाय सिक्युरिटी प्लेट मिळणार नाही अशी अफवा फिरते. राज्याने जुन्या गाड्यांसाठी विभागवार एजन्सी नेमल्यात. ब्रँड कुठलाही असो, चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी.

विमा काय म्हणतो

थर्ड पार्टी विम्याचा दर इंजिनाच्या आकारावर ठरतो. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १,५०० सीसीपर्यंतच्या मध्यम गाडीला ३,४१६ रुपये, त्यावरच्या गाडीला ७,८९७ रुपये. क्रूझ दोन लिटरची. गाडी तीन लाखांची असली तरी हप्ता मोठ्या गाडीचाच.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा घेताना आयडीव्ही बघा, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत. समजा ती दोन लाख आहे. दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे दीड लाखावर गेला, की गाडी पूर्ण निकामी धरली जाते. साध्या धडकेत बंपर, दोन हेडलाइट, बॉनेट, रेडिएटर आणि दोन एअरबॅग गेल्या तर दुर्मिळ पार्टच्या भावात दीड लाख व्हायला वेळ लागत नाही. गाडी दुरुस्त होण्यासारखी असते, हिशोब होत नाही. आयडीव्ही फार कमी लावून हप्ता वाचवणारे इथे अडकतात.

मग घ्यावी की नाही? घरात आधी एक रोजची, कुठेही दुरुस्त होणारी गाडी असेल, आरसीवर चार-पाच वर्षं असतील, मेकॅनिक हाताशी असेल आणि बाजूला पैसे असतील, तर बुलढाण्याच्या उंद्रीतही क्रूझ मजेत ठेवता येते. पण सोयाबीनचे नाहीतर कपाशीचे आलेले पैसे एकदम टाकून घरातली पहिली आणि एकुलती गाडी म्हणून, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला म्हणून घेत असाल, तर नको. त्याच पैशांत जुनी स्विफ्ट किंवा डिझायर बघा. रील बनणार नाही, पण अमडापूरचा मेकॅनिकही ती दुपारपर्यंत चालू करून देईल.

घेतलीच, तर आरसी नावावर होताच १४ दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्यासोबत जातो. त्यामुळे "विमा वर्षभराचा बाकी आहे" असं म्हणून विकणाऱ्याने वाढवलेल्या किमतीतून हा फरकही कापायला सांगा.